रेवडीवरची कुस्ती

मोबाईल हातात घ्यायच्या आधी ते दोन्ही तळव्यांना लाल माती चोळायचे. स्टीलच्या डब्यात ठेवलेली, आखाड्यातली, ताक-तेल-हळद पिऊन मऊ झालेली माती. त्यानं स्क्रीनवर लाल बोटं उमटायची, गोळी झाडायचं बटण सापडायचं नाही आणि गेममधला त्यांचा शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. पोरं म्हणायची, पंच, आधी काच पुसा. ते म्हणायचे, "मातीला हात न लावता आखाड्यात उतरायचं व्हय? तुमी उतरा." मग कपाळाला बोट टेकवून खेळायला बसायचे. वय साठीच्या पुढं. कान पैलवानाचे, चेमटलेले. हेडफोन त्या कानांवर ठरत नसे, म्हणून तो सुतळीनं हनुवटीखाली बांधलेला.

मी या माणसाकडे गेले ती त्यांची गेम खेळायची खोली बंद पाडायला. हे आधीच सांगून टाकते.

गावाचं नाव लिहीत नाही. भोंगवलीकडच्या रस्त्यानं आत वळलं की लागतं, एवढं पुरे. आमच्या एका पत्रकात ते ठळक अक्षरांत छापलंय, तेवढी बदनामी बास झाली. मी भोरची. घरात सगळी पत्रकं लिहिणारी माणसं. पाण्यावर, जमिनीवर, शाळेच्या गळक्या छपरावर. मला उद्गारचिन्ह आधी आलं, स्वल्पविराम नंतर. कॉलेज संपल्यावर मी ज्या मोहिमेत शिरले ती मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळांविरुद्ध होती. म्हणजे ते खेळ, ज्यात पाच-पन्नास अनोळखी माणसं एकाच वेळी आपापल्या घरातून एकमेकांवर बंदुका रोखतात. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांत आम्ही ग्रामसभांमधून ठराव करून घ्यायचो, की आमच्या गावात असल्या खेळांचा अड्डा चालू देणार नाही.

मोहिमेच्या ग्रुपवर तारे मिळायचे. ठराव झाला की कार्यकर्त्याच्या नावापुढं तारा. आधी पितळी, मग चांदीचा, मग सोन्याचा. तारा लागला की मोबाईलवर एक बारीक घंटी वाजायची. ही कल्पना आमच्या ताईंची. ताई म्हणजे मोहिमेच्या प्रमुख. कार्यकर्त्यांचा उत्साह टिकायला हवा ना, असं त्या म्हणायच्या. माझ्या नावापुढं चांदीचा होता. या गावचा ठराव झाला की सोन्याचा लागणार होता.

खोली पूर्वी दूध संकलनाची होती. ग्रामपंचायतीची मालकी, यांना वापरायला दिलेली. आत अजून दुधाचा आंबूस वास. दोन बाकं, चार्जिंगचे बोर्ड, भिंतीवर मारुतीची तसबीर. वायफाय त्यांचं, मोबाईल ज्याचा त्याचा. मी पत्रक हातात दिलं तेव्हा त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, यात्रेत नाव पुकारतात तसं. 'हा खेळ नाही, हे जाळं आहे! तरुणा, जागा हो!' कोपऱ्यातला एक जण खरंच पेंगत होता, तो दचकून उठला. सगळे हसले. ते हसले नाहीत. पत्रकाची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले,

"कंच्या खेळाबद्दल लिवलंय हे?"

"सगळ्याच."

"सगळ्याच म्हंजी एकबी खेळला न्हाई तुमी. जोड न बघता कुस्ती लावलीया पत्रकवाल्या बाईंनी."

जोड लावणं हा त्यांचा धंदा. धंदा म्हणजे पोटाचा नाही, जिवाचा. यात्रेच्या आखाड्यात कोणता गडी कोणाशी भिडवायचा हे ते ठरवायचे; नुसतं मनगट हातात धरून वजन सांगायचे. कुस्तीचा निकालही तेच द्यायचे. म्हणून सगळा गाव त्यांना पंच म्हणायचा. मी भेटले तेव्हा मात्र ते पंच राहिले नव्हते. गावानं काढून टाकलं होतं. तरी नाव चिकटलेलं. आधी टोमणा म्हणून, मग सवयीनं.

काढलं ते एका शब्दापायी. यात्रेची शेवटची कुस्ती, चांदीच्या गदेची. पाहुणे आलेले, फेटे बांधून झालेले, हलगी कडाडत होती. गावचा पैलवान जिंकला. पण दोघांचं आधीच ठरलेलं होतं, की कोणी पडायचं आणि कोणी पाडायचं. अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नूरा म्हणतात. पंचांची एक रीत होती. नूरा वाटली तर ते लगेच ओरडायचे नाहीत. जिंकलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि त्यालाच हळूच विचारायचे, "खरी का?" त्यानं खाली बघितलं तर कुस्ती परत लावायची. बोभाटा नाही, अपमान नाही. त्या दिवशी त्यांनी गावच्या पैलवानाच्या पाठीवर हात ठेवला, विचारलं, आणि तो म्हणाला, खरी. डोळ्यांत डोळे घालून म्हणाला. तेव्हा पंचांनी माईक घेतला आणि एकच शब्द बोलले. नूरा. हलगी थांबली. गदा खोक्यातच राहिली. पुढच्या यात्रेला त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला.

त्यानंतर यात्रेच्या दिवशी ते घराच्या ओट्यावर बसून लाउडस्पीकर ऐकायचे, आणि जोड चुकीची लागली की पायरीवर थाप मारायचे. हे मला त्यांच्याच खोलीतल्या पोरांनी सांगितलं. पंचांना दुसरा आखाडा हवा होता, तो या खेळांत सापडला. पुतण्याच्या मोबाईलमध्ये डोकावून बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की इथंही कोणीतरी जोडी लावतंय, कोणीतरी निकाल देतंय, कोणीतरी इनाम वाटतंय. आणि हा जो कोणी आहे तो कधी समोर येत नाही.

पत्रक वाचून झाल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि मोबाईल हातात दिला. मातीचा आग्रह केला. मी बोट बुडवलं. पुढं आठवड्यातून एकदा तरी मी जायला लागले. ताईंना सांगितलं, माहिती काढतेय.

त्यांच्या लेखी खेळ बंदुकीवरून वेगळे नव्हते, इनामावरून वेगळे होते. एक बेटाचा खेळ. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, शेवटी एकच उरतो. "यात नव्व्याण्णव हरणार हे ठरल्यालंच हाय," ते म्हणायचे. "मग हरणाऱ्याला गप कसं बसवायचं? त्याला सांगायचं, बाबा, तू पडलास खरा, पर इतक्यांच्या पुढं व्हतास. यात्रेत ढकलाढकली करून म्होरं गेलेल्याला वाटतं तसं वाटतं मग. देव दिसला न्हाई, पर कळस दिसला." दुसरा बोळाचा खेळ. अरुंद गल्ल्या, पाचास पाच, पडलं की लगेच उठायचं आणि परत गोळ्या. तिथं प्रत्येक बळीला ढोल वाजतो, अक्षरं पेटतात, आवाज येतो, शाब्बास. तो खेळ त्यांना आवडत नसे. शेजारी आपला गडी विव्हळतोय आणि हा ढोल ऐकतोय, असं त्यांचं म्हणणं. तिसरा डावाचा. त्यात पडलेला माणूस डाव संपेपर्यंत बाहेर बसतो, आणि मोजतात ती फक्त संघाची जीत. याची त्यांना ओढ होती. बाहेर बसलेला गडी दुसऱ्याचा खेळ बघायला शिकतो, म्हणायचे.

खोलीत 'मेला' म्हणायची बंदी होती. चीत झाला म्हणायचं. लागोपाठ दोनदा चीत झालेल्यानं मोबाईल ठेवायचा, बाहेरच्या नळावर तोंड धुवायचं आणि चिंचेला वळसा घालून यायचं. खेळ संपला की समोरच्याला हात मिळवायचा. समोरचा कुठल्या मुलखात बसलाय ठाऊक नाही, म्हणून स्क्रीनलाच नमस्कार. एकदा पलीकडून कुणी हिंदीतून आईवरून शिवी दिली. पंचांनी सुतळी सैल केली, माईक तोंडाशी धरला आणि शांतपणे म्हणाले, "आधी चूळ भरून ये. आमी थांबतो." पलीकडे काय कळलं कोण जाणे, पण तो पुढं डावभर बोलला नाही.

पहिल्यांदा खरं जिंकलेल्याला ते एक रेवडी द्यायचे. यात्रेत लहान पोरांची कुस्ती रेवडीवर लागते, ती रीत. रेवड्यांचा डबा मातीच्या डब्यासारखाच होता, शेजारीच असायचा, आणि त्यांची बोटं एकातून दुसऱ्यात जायची. त्यामुळं त्यांच्या हातची रेवडी आधी मातीची लागायची, मग तिळाची.

'खरं जिंकलेल्याला' म्हटलं, ते मुद्दाम. एकदा एक कामथडीचा गडी, टेम्पो चालवणारा, दिवसभर हरत होता. मग एकदम जिंकला, दणक्यात. उठून नाचला आणि हात पुढं केला. पंचांनी डबा उघडला नाही. म्हणाले, "तुज्यासमूरचे गडी बघितले का? येकबी वाकला न्हाई, पळाला न्हाई. बुजगावणी व्हती ती, माणसं न्हवं, कंपनीनंच चालिवल्याली. तू लई हरलास म्हणून कंपनीनं तुला बुजगावण्यांत सोडला, की तू निघून जाऊ नयेस." टेम्पोवाला म्हणाला, असेना का पंच, जिंकल्यासारखं वाटलं की. ते म्हणाले, "तेच तर. नूरा हाय ही. आन् तुला पडलेल्या गड्यानं न्हाई, आखाड्याच्या मालकानंच फशिवलं." टेम्पोवाल्याचं तोंड उतरलं. मला तेव्हा पंचांचा राग आला. एवढं काय, द्या की एक रेवडी, असं वाटलं. पत्रकात मात्र मी तो बुजगावण्यांचा मुद्दा तसाच्या तसा घातला. खाली नाव मोहिमेचं.

हंगामी पासाचा मुद्दाही त्यांचाच. हे खेळ पास विकतात; आधी पैसे भरा, मग रोज खेळाल तसं बक्षीस उघडत जाईल. पोरांना वाटतं, पास काढलाय तर वाया कशाला घालवा. ते म्हणायचे, "किकवीच्या स्टँडवर माजा एक दोस्त व्हता. एष्टीचा पास काढला म्हणून रोज भोरला जायचा. काम काय, तर काय न्हाई. च्या प्यायचा, परत यायचा. बायको म्हणायची, आज घरी ऱ्हावा. तर म्हणायचा, पास बुडंल." आणि मग बाकावरच्या सगळ्यांकडे बघून, "आता हितं कोन कोन भोरला निघालंय?"

हे असं सगळं बोलत असताना ते मध्येच उठून मागच्या दारानं जायचे. वारंवार. मला वाटायचं, मधुमेह असेल.

माझ्या ताऱ्यांबद्दल त्यांना कळलं ते माझ्याच बावळटपणामुळं. बाकावर बसले असताना घंटी वाजली आणि मी हसले. कोणाला तरी वेल्ह्यातल्या वाडीचा पितळी तारा लागला होता. त्यांनी विचारलं, मी कौतुकानं समजावून सांगितलं. त्यांनी मोबाईल हातात घेऊन तारे बघितले, अंगठ्यानं वर-खाली केले. स्क्रीन लाल झाली.

"तुमाला ह्यो चांदीचा कशाचा?"

वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांचा, मी म्हटलं. मेंढ्या-शेरडं राखणारी माणसं. एका फेरीत ठराव झाले, एकानंही विरोध केला नाही.

"तिथं रेंज येती?"

रेंज येत नव्हती. फोन लावायचा तर माणसं खिंडीपर्यंत चालत जायची. तिथल्या एका म्हातारीनं ठरावावर अंगठा देताना मला विचारलं होतं, बाई, हे गेम म्हंजी काय पीक हाय का रोग? मी ते ग्रुपवर विनोद म्हणून टाकलं होतं.

"म्हंजी बुजगावणीच की," पंच म्हणाले. ओरडले नाहीत, टोमणाही नव्हता. त्या टेम्पोवाल्याला सांगितलं होतं त्याच आवाजात सांगितलं. रेवडीचा डबा त्यांच्या हाताशी होता, त्यांनी तो आणखी लांब सरकवला. आपल्याच पत्रकातला मुद्दा आपल्या अंगावर आला की कान कसे गरम होतात, ते मला त्या दिवशी कळलं. पण तारा मी काढून टाकला नाही. तो तसाच राहिला, कारण तो खाली गेला असता तर सोन्याचा लांब पडला असता.

त्याच सुमाराला गावात एक बातमी पसरली. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचा मुलगाच या खोलीत बसायचा. त्यानं बापाच्या मागं लागून कबूल करून घेतलं होतं, की यंदाच्या यात्रेत कुस्त्यांच्या आदल्या दिवशी मोबाईलच्या खेळाची स्पर्धा ठेवायची आणि पंच म्हणून यांनाच बसवायचं. एकदा माणूस खुर्चीवर बसला की दुसऱ्या दिवशी कुस्तीला त्याला उठवायची कोणाची छाती होणार नाही, असा पोरांचा डाव. अध्यक्षांची अट एकच: ग्रामसभेत आमचा ठराव पडला पाहिजे. ठराव झाला तर खोलीही जाणार, स्पर्धाही, आणि खुर्चीही.

पंच त्या दिवसांत नवं धोतर आणायला नसरापूरला गेले होते. मला त्यांनी ते दाखवलं. बंद पाडायला आलेल्या बाईला दाखवलं. "काठ बरा हाय न्हवं?" म्हणाले. मी म्हटलं, बरा आहे.

ताईंना वातावरण ठीक वाटेना. पोरं संघटित आहेत, त्यांना तोड हवी, म्हणाल्या. असा तरुण हवा जो व्यसनात बुडाला होता आणि आमच्या मोहिमेमुळं बाहेर आला. तसा तरुण आमच्याकडे नव्हता. मग आमच्या एका कार्यकर्त्याचा मावसभाऊ उभा केला, भोरचाच. कॅरम चांगला खेळायचा. भाषण मी लिहिलं. चांगलं लिहिलं, मला असलं चांगलंच येतं. आईचे अश्रू घातले, अंधार घातला, पहाट घातली.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात. सरपंचबाई मधोमध, शेजारी ग्रामसेवक, बाया एका बाजूला, मागं पोरं उभी. पंच खांबाला टेकून बसलेले, नव्या धोतरात. ताई बोलल्या, मी बोलले, मग मावसभाऊ उभा राहिला. आवाज कापरा छान काढला त्यानं. बाया डोळे पुसायला लागल्या. आणि मग तो रंगात आला, माझा कागद सोडून स्वतःचं बोलायला लागला. म्हणाला, रात्रंदिवस त्या बेटावर असायचो मी, मरायचो आणि लगेच जिवंत होऊन परत गोळ्या झाडायचो.

मागच्या पोरांत खसखस पिकली. बेटाच्या खेळात पडलेला असा लगेच उठत नाही. तो बोळाचा खेळ. हे मला कळलं, त्यांना कळलं, आणि मंडपात आणखी एका माणसाला कळलं.

पंच उठले. त्या मुलाकडे गेले नाहीत. सावकाश चालत माझ्याकडे आले आणि मी बसले होते त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मला नाही, खुर्चीला. पण मला तो हात पाठीवर जाणवला. खाली वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले,

"खरी का?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. लोकांना त्यांचा प्रश्न ऐकूही गेला नव्हता. मी खरं बोलले, पण त्याला प्रामाणिकपणा म्हणू नये. या माणसाच्या तोंडावर खोटं बोललं की पुढं काय होतं ते मला माहीत होतं, आणि तो एक शब्द माईकवरून आपल्याबद्दल ऐकायची मला भीती वाटली. एवढंच. मी म्हटलं, "नाही काका. नूरा आहे."

घाबरून बोलले म्हणून मोठ्यानं बोलले. सगळ्या मंडपानं ऐकलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पोरांच्या शिट्ट्या. मावसभाऊ कागदाची सुरळी करत उभा. ताईंची मान दुसरीकडे. बायांतली एक जण, मघाशी रडलेली, मला म्हणाली, "आगं, आमचं डोळं काय फुकटचं हायती का?" सरपंचबाईंनी हात वर करून गडबड थांबवली आणि म्हणाल्या, चला, हा विषय निकालात निघाला, पुढचा घ्या. यात्रा कमिटीचे अध्यक्ष पंचांकडे बघून हसले. खोली राहिली, खुर्ची आली.

पंच जागेवर गेले नाहीत.

"निकाल कसा लागला?" ते म्हणाले. "नूरा झाली तर कुस्ती झालीच न्हाई. परत लावायची. ह्या पोरीचं म्हणणं खोटं न्हाई, गडी खोटा व्हता. खरा गडी मी देतो."

मागं पोरं एकमेकांकडे बघायला लागली, आता कोणाचं नाव घेतात म्हणून. त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावला.

"माज्या थोरल्या भावाचा दहावा झाला, तवा समदे नदीवर व्हता तुमी. पिंड ठेवला आन् कावळा शिवंना. घटकाभर माणसं हात जोडून उभी. मी कुठं व्हतो?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं.

"करंजाच्या आड व्हतो. तुमाला वाटलं, रडतुय. गेमात रोजची एक पेटी मिळती. एक दिवस चुकला की मागची समदी हजेरी पुसती. हितल्या पोरांना म्या ती पेटी उघडू देत न्हाई. मी सोता उघडतो. मागच्या दारानं जाऊन उघडतो, रोज, बायकोला इचारा. त्या दिवशी पेटी उघडून मान वर केली तर कावळा शिवून गेल्याला. माणसं आंघुळीला निघाली व्हती. भावाला कावळा शिवला, आन् म्या बघितला न्हाई." मग मागच्या पोरांकडे वळले. "डाव समदे ठाऊक हायती मला. कोन कशावर ओढतं, समदं ठाऊक हाय. तरीबी सुटत न्हाई. मला सुटत न्हाई तर पोरांना काय सुटंल. आता घ्या मतं."

त्यांची बायको बायांच्या घोळक्यात होती. तिनं पदर तोंडावर घेतला नाही. सरळ समोर बघत राहिली, एखादी गोष्ट फार दिवसांनी कानावर पडल्यासारखी. अध्यक्षांचा मुलगा म्हणाला, पंच, तुमी बसा की खाली, कशाला. रडवेला झाला होता. सरपंचबाईंनी ठराव परत वाचायला लावला. हात वर झाले, आधी बायांचे, मग इतरांचे. त्यांत एका हाताचा तळवा लाल होता. तो सगळ्यात वर होता.

माझा ठराव खरा होता. मला तो खरा वाटला नव्हता, म्हणून मी त्याला खोटा गडी जोडला. माझ्या बाजूनं खरं बोलणारं माणूस त्या मंडपात एकच निघालं, आणि ते ज्याचं सगळं जाणार होतं ते होतं. यंदाच्या यात्रेतही त्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला. मी गेले होते. एक जोड इतकी विजोड लागली की मलाही कळलं. त्यांच्या पायरीवर थाप पडली असेल का, याचा विचार करत मी परत फिरले.

त्या दिवशी सभा संपल्यावर मी खोलीकडे गेले. ते बोर्डांच्या वायरी गुंडाळत होते. मारुतीची तसबीर काखेत, दोन्ही डबे पायरीवर. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, त्यो विषय नगं. डबा उघडला, एक रेवडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"खोटी व्हती. परत लावली, खरी झाली. धर."

मी म्हटलं, काका, मी तर काहीच केलं नाही.

"धर," ते म्हणाले. मग कुलूप हातात घेऊन थोडे थांबले. "आन् पोरी, येक ध्यानात ठेव—"

माझ्या मोबाईलवर घंटी वाजली.

मी खाली बघितलं. माझ्या नावापुढं सोन्याचा तारा होता. ताईंनी स्वतः लावला होता. ठराव झाला ना, कसा झाला ते कोण विचारतं. खाली फुलं, जोडलेले हात, वाहवा, एकामागून एक येत होती, आणि मी ती बघत होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मान वर केली तेव्हा दाराला कुलूप होतं आणि ते ओढ्यापर्यंत पोचले होते, एका हातात दोन्ही डबे, काखेत मारुती. नव्या धोतराचा काठ धुळीत लोळत होता.

त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नव्हतं. हाक मारून परत विचारायची लाज वाटली. रेवडी तोंडात टाकली. आधी मातीची लागली.